औंढ्याचा रॉकशेठ

मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाला काही माणसं सरकारी मंजुरीशिवाय मिळालेली असतात. दर निवडणुकीला अपक्ष उभं राहून डिपॉझिट घालवणारा एक. पेपरात पत्रं पाठवून संपादकाला कामाला लावणारा एक. कुणाच्याही लग्नात वाढप्यांवर ओरडायचा हक्क वडिलोपार्जित मिळालेला एक. ऐंशी-नव्वदच्या दशकात पोरं इंजिनिअरिंगला, पॉलिटेक्निकला बाहेर पडली आणि दिवाळीच्या सुट्टीत परत येताना त्यांनी या यादीत आणखी एकाची भर घातली. हा इंग्रजी बँडचा भक्त. तो जिंतूरला आहे, वसमतला आहे. परभणीला दोन आहेत आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

आमच्या औंढा नागनाथला जो आहे त्याला गाव रॉकशेठ म्हणतं. शेठ एवढ्यासाठी, की त्याचं कृषी सेवा केंद्र आहे आणि आमच्याकडं गल्ल्यामागं बसलेला कुणीही शेठच असतो. त्याचा बँड म्हणजे क्वीन. १९७० साली लंडनला सुरू झालेला, चौघांचा. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर, जॉन डीकन ही नावं रॉकशेठ ज्या सुरात घेतो, त्या सुरात आमच्याकडं फक्त निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही नावं घेतली जातात. डीकनपाशी आवाज थोडा खाली येतो. तो सगळ्यांत धाकटा, वर्षभर उशिरा येऊन मिळालेला, कमी बोलणारा, आणि फ्रेडी गेल्यावर काही वर्षांत बास खाली ठेवून कायमचा घरी बसलेला. या हिशेबानं मुक्ताबाईच्या जागी डीकन येतो, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

औंढ्याच्या माणसाला गुरू कसा भेटावा, याची एक रीत ठरलेली आहे. तेरला गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. गुरू कर म्हणून त्यांना औंढ्याला धाडलं. इथं नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून आडवे पडलेले. नामदेव म्हणाले, देवावरचे पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव. जिथं ठेवावेत तिथं पिंड! रॉकशेठची कथा तंतोतंत हीच, फक्त औंढ्याच्या जागी औरंगाबादचं हॉस्टेल घालायचं. १९८८ चा सुमार. खोलीत एक सीनियर टेपरेकॉर्डरवर पाय टाकून पडलेला. आपल्या गड्याला राहवलं नाही. "दादा, टेपवरचे पाय काढा, सरस्वती आहे त्यात." सीनियरनं डोळे न उघडता सांगितलं, "जिथं गाणं नाही तिथं ठेव." यानं पाय उचलून फरशीवर ठेवले, तर फरशी हादरत होती. भिंतीला टेकवले, तर भिंत हादरत होती. चमत्काराचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाडताना झाला. खाटेखाली दोन मातीचे रांजण होते आणि त्यांच्या तोंडावर स्पीकर बसवलेले होते. तोवर उशीर झाला होता, दीक्षा लागून गेली होती.

पुढचं सगळं त्या काळच्या कुठल्याही भक्तासारखंच. चौकातल्या दुकानात कोरी कॅसेट देऊन गाणी भरून घ्यायची. दुकानदार एका बाजूला क्वीन भरून, जागा उरली म्हणून शेवटी आपल्या आवडीची कव्वाली भरायचा. रॉकशेठला अजूनही एक ठरावीक गाणं संपलं की पुढं कव्वाली सुरू होणार असं वाटतं, आणि ती झाली नाही की चुकल्यासारखं होतं. लोडशेडिंगमध्ये सेलवर टेप लावायचा, सेल उतरले की फ्रेडीचा आवाज जाड होत होत थेट शाहिरी बाजात जायचा. मग सेल काढून उन्हात ठेवायचे. टेप गुंतली की पेन्सिल. हे ज्यानं केलेलं नाही, त्याच्याशी रॉकशेठ क्वीनविषयी बोलतो खरा, पण त्याच्या डोक्यावर एक थापटणं मारून.

आवड आणि भक्ती यांत फरक असतो. आवडीचं भक्तीत रूपांतर झालं ते एका माहितीमुळं. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पारशी घरातलं पोर. ५ सप्टेंबर १९४६ ला झांजिबारला जन्म, आणि आठव्या वर्षी शिकायला कुठं? पाचगणीला! सेंट पीटर्स शाळेत. तिथंच पियानो शिकला, तिथंच १९५८ साली पोरापोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. म्हणजे जगातला सगळ्यांत मोठा रॉक गायक पहिल्यांदा स्टेजवर चढला तो सातारा जिल्ह्यात. हे कळलं त्या रात्री रॉकशेठला झोप आली नाही. तोवर तो परक्याचा देव पुजत होता, आता एकदम भाऊकी निघाली.

तेव्हापासून गेली तीस-पस्तीस वर्षं तो ही माहिती औंढ्याला सांगतो आहे. खताचं पोतं घ्यायला आलेल्या माणसाला पोत्याच्या आधी पाचगणी मिळते. "आठ वर्षांचं लेकरू हो, मामा! झांजिबारहून बोटीनं मुंबई, मुंबईहून पाचगणी. आपण पोरगं परभणीच्या हॉस्टेलला टाकलं तर माय आठ दिवस जेवत नाही." मामा हळहळतात. मग मामांचा ठरलेला प्रश्न येतो, "मंग मराठी येत होतं का त्याला?" रॉकशेठ म्हणतो, "समजत होतं." याला रॉकशेठच्या इच्छेशिवाय दुसरा पुरावा नाही. लता मंगेशकरांची गाणी तो लहानपणी आवडीनं ऐकायचा, हे मात्र त्याच्याविषयी लिहिणारेही सांगतात. रॉकशेठ ते वाक्य शेवटी ठेवतो. मामांचा डीएपीचा भाव कमी करण्याचा विचार तिथं मागं पडतो.

इंजिनिअरिंगचं काय झालं, असं औंढ्यात त्याला कुणी विचारत नाही. बाहेरचा पाहुणा चुकून विचारतो. दोन विषय राहिले. ते राहिलेच. यावर अनेक वर्षं तो गप्प असायचा. मग २००७ साली बातमी आली की ब्रायन मे यांना लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं खगोलशास्त्राची पीएचडी दिली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला प्रबंध हाती घेतलेला, मधे क्वीन जोरात निघालं, आणि सूर्यमालेतल्या धुळीचा अभ्यास तीस वर्षांहून जास्त काळ धूळ खात पडला. रॉकशेठचा चेहरा त्या दिवसापासून उजळला. "ब्रायनचे तीस वर्षं राहिले होते. माझे दोनच विषय हायेत." तो परीक्षेला बसणार आहे असं मात्र कधी ऐकू आलं नाही.

ब्रायन मे यांचा त्याच्या आयुष्यावर आणखी एक परिणाम झाला आणि तो त्याच्या वडिलांना भोगावा लागला. मे यांनी पोरवयात, १९६३ साली, वडिलांच्या मदतीनं आपली गिटार घरीच बनवायला घेतली होती. तिच्या दांड्याचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. हे वाचून रॉकशेठनं गोठ्यातली मोडकी तिफण सुताराकडं नेली. सुतारानं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "याला भोपळा कुठं बसवायचा?" भोपळा नसतो म्हटल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही, कारण त्याच्या मते वाद्याचा विषय तिथंच संपला होता. बाभळीचं लाकूड. गिटार तयार झाली तेव्हा ती गळ्यात घालून उभं राहायला दोघांनी धरावं लागायचं. ब्रायन मे सहा पेनीच्या नाण्यानं तारा छेडतात म्हणून यानं चाराण्याचं नाणं वापरलं. २०११ साली सरकारनं चाराणे चलनातून काढले, तेव्हा औंढ्यात हळहळलेला तो एकटाच. गिटारीतून स्वर असा कधी निघाला नाही. ती सध्या दुकानात भिंतीला टेकून उभी असते आणि तिच्यावर पाइपाची भेंडोळी अडकवलेली असतात.

दुकानाची पाटी हा तर स्वतंत्र अध्याय आहे. क्वीनचं बोधचिन्ह फ्रेडीनं स्वतः काढलेलं. तो चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेला. चौघांच्या राशींप्रमाणं दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या म्हणून दोन पऱ्या, आणि सगळ्यांच्या वर पंख पसरलेला फिनिक्स. रॉकशेठनं कॅसेटचं कव्हर हिंगोलीच्या पेंटरला दिलं. पेंटरचा हात देवळांच्या कामात तयार झालेला. त्यानं सिंह झकास काढले, फिनिक्सचा गरुड केला, आणि पऱ्यांच्या अंगावर फारसं काही नाही हे पाहून दोघींना नऊवारी नेसवली. वर नथ. पाटी लागली त्या मृगाला शेतकरी दुकानात येऊन विचारू लागले, "ते खेकडा छाप सोयाबीन हाय का?" रॉकशेठ सुरुवातीला चिडायचा. पुढं त्यानं पाहिलं की शेजारच्या दुकानातलं तेच बियाणं लोक सोडतात आणि इकडं येऊन 'खेकडा' मागतात. त्यानं खुलासा करणं बंद केलं. धंद्यात श्रद्धेला धक्का लावायचा नसतो.

मिशीचं मात्र जमलं नाही. १९८० साली फ्रेडीनं केस बारीक करून जाड मिशी ठेवली तेव्हा तिकडं गहजब झाला. चाहत्यांनी स्टेजवर दाढीचे रेझर फेकले. रॉकशेठनं केसाचा केस मोजून तश्शी मिशी ठेवली आणि औंढ्यात कुणाचं लक्षही गेलं नाही. ती मिशी औंढ्यात कंडक्टरला आहे, तलाठ्याला आहे, हमालाला आहे. बंड करायचं तर मिशी काढायला हवी होती. पण बाप जिवंत असताना मिशी उतरवली की गाव थेट तिरडीचं सामान घेऊन दारात येतं.

मरणाचा विषय निघालाच आहे, तर १९९१ चं सांगून टाकतो. २३ नोव्हेंबरला फ्रेडीनं आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. औंढ्यात बातमी पोचली ती पेपरच्या आतल्या पानावरून, दोन दिवसांनी. आपला गडी त्या दोन विषयांपायी घरीच होता. पेपर मांडीवर घेऊन ओट्यावर रडायला लागला. माय आतून धावत आली.

"कोण गेलं रे बापा?"

"फ्रेडी."

"कुठले पाव्हणे?"

"पाचगणीचे."

मायनं घटकाभर आठवून पाहिलं. पाचगणीला आपलं कोण दिलंय, तिला लागेना. पण लेक रडतो आहे म्हणजे जवळचंच असणार. "लेकरंबाळं हायेत का त्याला?" नाहीत. "लगीन?" नाही. "काय झालतं?" आता हे १९९१ साली औंढ्यातल्या मायला कसं सांगायचं? त्यानं शेवटच्या दुखण्याचं नाव सांगितलं, "निमोनिया." ते खोटंही नव्हतं. "पंचेचाळीस हे काय जायचं वय हाय का," म्हणून मायनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच बजावलं, "कशाला शिवू नको. आधी डोक्यावरून पाणी घे." त्यानं आडावर जाऊन डोक्यावरून गार पाणी घेतलं. त्या दिवशी घरात फोडणी पडली नाही. रात्री वडील शेतातून आले, ताटात बिनफोडणीचं वरण पाहून त्यांनी मायकडं पाहिलं. माय म्हणाली, "पाचगणीचे पाव्हणे गेले." वडील मुकाट्यानं जेवले. हात धुताना म्हणाले, "दहाव्याला जावं लागंल का आपल्याला?"

"लांब पडतं, आबा," रॉकशेठ म्हणाला.

जगभर त्या आठवड्यात चाहते हळहळत होते. पण फ्रेडीसाठी सुतक फक्त आमच्या औंढ्यात पाळलं गेलं असावं. पुढं माय होती तोवर दर पितृपंधरवड्यात एक घास जास्तीचा काढायची. कावळा तोच आधी उचलायचा, असं रॉकशेठ सांगतो. यावर विश्वास ठेवायची कुणावर सक्ती नाही.

लग्न नंतर दोन-तीन वर्षांनी झालं. मुलीकडचे साधे होते, त्यांच्या मागण्या नव्हत्या. याची एकच होती. वरातीत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' वाजलं पाहिजे. हे गाणं १९७५ सालचं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. त्यात आधी समूहगान, मग पियानोवर रडगाणं, मधे ऑपेरा, मग दणदणाट आणि शेवटी पुन्हा सगळं थंड. ऑपेऱ्याच्या तुकड्यासाठी आवाजावर आवाज इतके चढवले की ध्वनिफीत झिजून आरपार दिसायला लागली होती. बँडमास्तरांनी टेप कानाला लावून शांतपणे पूर्ण गाणं ऐकलं. ते जातिवंत कलावंत होते. म्हणाले, "शेठ, यात चार गाणी हायेत. चाराचे पैसे पडतील." पैसे मान्य झाल्यावर त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला, "वऱ्हाडानं नाचायचं कुठं आणि रडायचं कुठं?" प्रत्यक्षात वरात निघाली, क्लॅरिनेटवाल्यानं पहिला तुकडा बरा धरला, रडगाण्यापाशी नवरीकडच्या बायकांना बिदाई सुरू झाली असं वाटून त्यांनी गळा काढला, आणि दणदणाट यायच्या आत घोडा बिथरला. वहिनी अजून सांगतात, मी सासरी आले तेव्हा आमच्या दोघांच्या मधे घोडा होता आणि एक मेलेला माणूस होता. वहिनींना आज क्वीनची सगळी गाणी पाठ आहेत. त्यांनी ती शिकलेली नाहीत. भिंतींना येतात तशी त्यांना येतात.

पंथ म्हटला की भांडण आलं. परभणीच्या दोघांपैकी एक आयर्न मेडनवाला आहे. त्याचा देव १७ मार्च २००७ ला बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर येऊन वाजवून गेला आणि हा माणूस तिथं जाऊन आला. तेव्हापासून तो रॉकशेठकडं, चारधाम करून आलेला माणूस गावातल्या मारुतीला जाणाऱ्याकडं पाहतो तसं पाहतो. फ्रेडी गाण्यासाठी हिंदुस्थानात कधी आला नाही. ही जखम रॉकशेठनं पाचगणीच्या वारीनं भरून काढली. औंढ्याहून परभणी, पुणे, वाई आणि पसरणीचा घाट. शाळेच्या आत जायचं त्याच्या मनातही आलं नाही. पायरीचा मान पायरीला. भिंतीबाहेरची चिमूटभर लाल माती त्यानं बियाणाच्या रिकाम्या पुडीत बांधून घेतली आणि प्रसाद म्हणून दोन पेट्या स्ट्रॉबेरी. जिंतूर येईपर्यंत तिचा मुरंबा झालेला होता. गावानं तो भाकरीला लावून खाल्ला आणि 'पाव्हण्यांच्या गावचं काही तरी आंबट असतं' असा निर्वाळा दिला.

गादीचा वादही आहे. फ्रेडीनंतर आधी पॉल रॉजर्स, मग अॅडम लँबर्ट, असे गायक घेऊन मे आणि टेलर क्वीन चालवत राहिले. रॉकशेठ लँबर्टच्या गळ्याला नाव ठेवत नाही. फक्त त्याचं गाणं लागलं की बसल्या जागी पाय पसरतो, फ्रेडीचं लागलं की मांडी घालतो.

भजनी मंडळाशी त्याचे संबंध बरे आहेत, याचं मला नेहमी नवल वाटतं. १९७७ चं 'वी विल रॉक यू' त्यानं एका एकादशीला बुवांना ऐकवलं. ठेक्याला ढोल नाही, ड्रम नाही. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी. लंडनमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत फळ्यांवर पाय आपटून केलेलं ध्वनिमुद्रण. बुवांनी ऐकलं आणि सहानुभूतीनं विचारलं, "वाद्यं परवडत नव्हती का त्यांना?" पण ठेका त्यांना आवडला असावा, कारण त्या रात्री जागरणात पहाटे तीनच्या सुमाराला, पेंग आलेल्या टाळकऱ्यांना जागं ठेवायला बुवांनी तोच वापरला. नामदेवांच्या कीर्तनाला मागं बसा म्हटल्यावर नागनाथाचं देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, म्हणून आमच्याकडं नंदी मागच्या बाजूला आहे, ही कथा औंढ्यातलं पोरगंही सांगतं. रॉकशेठची जगातली सगळ्यांत मोठी मैफल म्हणजे १३ जुलै १९८५, वेम्बली, लाइव्ह एड. एकवीस-बावीस मिनिटं, बहात्तर हजार माणूस, फ्रेडी नुसता 'एऽऽ ओ' म्हणतो आणि अख्खं मैदान त्याच्या मागून म्हणतं. पण नामदेवांच्या कथेपाशी तो नमतं घेतो. "फ्रेडीनं माणसं फिरवली. देऊळ नाही."

स्वतः हा 'एऽऽ ओ' त्यानं एकदा गणपतीत करून पाहिला. फ्रेडीच्या माइकचा स्टँड अर्धाच असायचा. पूर्वी कधीतरी कार्यक्रमात मोडला आणि त्याला तसाच आवडला. रॉकशेठनं साउंड सर्व्हिसवाल्याचा चांगला स्टँड गुडघ्यावर घेऊन मोडला, छाती काढून 'एऽऽ ओ' केलं. समोरून एकमुखानं आलं, "मोरया!" त्यानं आणखी उंच सूर लावला. आणखी मोठ्यानं, "मोरया!" स्टँडचे पैसे भरताना तो म्हणाला, पब्लिक वेम्बलीपेक्षा कमी नव्हतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की या माणसाला आयुष्यभर एकच हवं असणार : आपल्या गावानं क्वीन ऐकावं. मलाही तसंच वाटायचं. २०१८ साली फ्रेडीवरचा सिनेमा आला. रामी मालेकला ऑस्कर मिळालं. औंढ्यातल्या पोरांनी तो मोबाइलवर पाहिला आणि एका संध्याकाळी दहा-बारा जण दुकानाच्या पायरीवर येऊन दोनदा पाय, एकदा टाळी, असा ठेका धरून उभे राहिले. "काका, तुम्ही सांगत होता तो हाच ना?"

ज्या प्रश्नाची तो उभ्या जन्मात वाट पाहत होता, तो प्रश्न पायरीवर उभा होता. रॉकशेठनं गल्ल्यातून मान वर केली.

"तो वेगळा," म्हणाला.

नंतर माझ्यापाशी तो तासभर सिनेमाच्या चुका काढत बसला. 'वी विल रॉक यू'च्या वेळी फ्रेडीला मिशी दाखवली! सत्त्याहत्तरला मिशी कुठं होती? आजार लाइव्ह एडच्या आधीच कळला असं दाखवलं, कळला नंतर. चुका खऱ्या होत्या. पण राग चुकांचा नव्हता. तीस वर्षं जो देव त्यानं एकट्यानं अंगाखांद्यावर वागवला, तो आता डेटा पॅकमध्ये कुणालाही मिळत होता. सेल उन्हात न ठेवता, कव्वाली न लागता. या जातीच्या माणसाला जगानं आपल्या देवाला ओळखावं असं वाटतं, ते फक्त जग ओळखत नाही तोवर. पुढची काही वर्षं दुकानात चक्क प्रल्हाद शिंदे लागत होते. शेतकऱ्यांना वाटलं, शेठ बरे झाले.

त्याला परत ताळ्यावर आणलं ते लायगो नावाच्या वेधशाळेनं. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली आणि आठवड्याभरातच तसल्याच वेधशाळेला केंद्र सरकारनं तत्त्वतः मान्यता दिली. जागा औंढ्याजवळची. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या. २०२३ च्या एप्रिलात २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. गावात जमिनीचे भाव, हॉटेलं, प्लॉटिंग यांची चर्चा सुरू झाली. रॉकशेठचा हिशेब निराळा होता. आकाशाचं एवढं मोठं काम निघालंय. ब्रायन मे आकाशाचे डॉक्टर. दुर्बिणीच्या गावाला गिटारवाला खगोलशास्त्री येणार नाही तर कोण येणार? उद्घाटनाला मे औंढ्याला येणार, हे त्यानं ठरवून टाकलं.

वहिनींनी स्वयंपाकाचा विषय काढला. मे प्राणिजन्य काहीच खात नाहीत. "म्हणजे मटण नाही, तर आपण पुरणपोळी करू." तूप चालत नाही. "तुपाशिवाय पोळी? मंग दुधासोबत." दूधही नाही. वहिनींनी हात टेकले, "तुमचा हा पाव्हणा उपाशीच जायचा." शेवटी हुरड्यावर एकमत झालं, म्हणजे उद्घाटन हिवाळ्यातच व्हायला हवं, ही जबाबदारी केंद्र सरकारवर पडली. शिवाय मे तिकडं कोल्ह्यांच्या आणि बिज्जूंच्या शिकारीविरुद्ध भांडतात, तेव्हा रोही आणि रानडुकरं मारायची परवानगी मागणाऱ्या शेतकऱ्यांना त्या दिवशी परभणीला कामाला लावायचं, हेही ठरलं.

आणि मग जन्मभर जो माणूस रांजणात स्पीकर घालून गाव हादरवत आला, तो गणेश मंडळाच्या बैठकीत उभा राहून म्हणाला, "यंदापासून डीजे बंद." पोरं हसली. रॉकशेठ हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं, की ते यंत्र फार नाजूक असतं. रस्त्यावरून ट्रक गेला, लांबून रेल्वे गेली, तरी त्याचा थरकाप यंत्रापर्यंत पोचतो. जगानं शांत जागा म्हणून आपलं गाव निवडलं. आपणच थयथयाट केला तर ब्रायन मे यांच्यापुढं काय तोंड दाखवायचं? बैठक गंभीर झाली. ज्येष्ठांनी माना डोलावल्या. पोरांपैकी एकजण पॉलिटेक्निकला आहे, तो मागं बसून विचार करत होता.

"काका, म्हणजे अख्खं गाव जमलं आणि सगळ्यांनी मिळून दोनदा पाय आपटला, तर ते त्या यंत्रावर उमटंल?"

"उमटंलच की."

"कॉम्प्युटरवर दिसंल? धप, धप, आणि मधी जागा?"

रॉकशेठ उत्तर द्यायला उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. मंडळाचे अध्यक्ष ठराव लिहून घेत होते, त्यांनी पेन थांबवला.

"डीजेचं नंतर बघू," रॉकशेठ म्हणाला. "आपल्या महाशिवरात्रीच्या यात्रेला अंदाजे किती माणूस जमतं?"